अस्सल की नक्कल? : १८५१ चे कोल्ट नेव्ही आणि बार काढण्याचा प्रश्न

१/
वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवलेले जुने पिस्तूल पाहताना मनात दोन प्रश्न उठतात. पहिला सभ्य असतो : हे कोणाचे, कोणत्या काळातले? दुसरा आपण सहसा मोठ्याने विचारत नाही : यातून अजून बार निघेल का? आजचा धागा या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. जगात शेकडो लोकांपुढे तो खरोखर उभा राहतो. हाती जुने अस्सल पिस्तूल आहे, बाजारात त्याची नवी प्रतिकृतीही मिळते. मग नेमबाजीसाठी कोणते उचलावे?

२/
मोडी कागद हाताळणाऱ्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द नवे नाहीत. अस्सल म्हणजे मूळ पत्र आणि नक्कल म्हणजे त्यावरून उतरवलेली प्रत. राजवाड्यांपासून आपल्या इतिहासलेखनाने अस्सलाचा आग्रह धरला, तो योग्यच होता. पण रोजच्या वाचनासाठी मूळ कागद वारंवार उलगडला, तर तो घडीवर फाटतो. म्हणून आपण प्रतीवरून वाचतो आणि शंका आली की अस्सलाकडे जातो. हीच पद्धत एका शस्त्राला लावून पाहू.

३/
उदाहरण म्हणून घेऊ सॅम्युएल कोल्ट यांचे १८५१ चे 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर. व्यास ०.३६ इंच, सहा बार, साडेसात इंचांची अष्टकोनी नळी, वजन सुमारे १.२ किलो. उत्पादन १८५० ते १८७३. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे सुमारे २,१५,००० नग बनले आणि लंडनच्या कारखान्यात सुमारे ४२,०००. नाव आरमाराचे असले, तरी बहुतेक नग जमिनीवरच वापरले गेले. वाइल्ड बिल हिकॉक हा सीमाप्रदेशातील प्रसिद्ध बंदूकबाज हस्तिदंती मुठीची अशीच जोडी बाळगत असे.

४/
हे शस्त्र काडतुसाचे नाही, ठासणीचे आहे. सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून आधी दारू घालायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती ठासायची. मागच्या प्रत्येक निपलवर तांब्याची छोटी टोपी चढवायची. घोडा टोपीवर आदळतो, टोपीतील स्फोटक पेटते, ठिणगी दारूपर्यंत जाते. आपल्याकडे 'टोपीची बंदूक' म्हणतात ती याच कुळातली. फरक इतकाच की येथे घोडा मागे ओढताच पुढचे घर आपोआप नळीसमोर येते.

५/
आता अस्सल नग हाती घ्या. त्यावर नुसता वापर दिसत नाही, पुरावा दिसतो. सिलिंडरभोवती एक चित्र कोरलेले असते : १६ मे १८४३ ची कँपेचीची सागरी लढाई. त्यात टेक्सासचे आरमार मेक्सिकोच्या जहाजांशी भिडले आहे. हे चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या कोरीवकामगाराने तयार केले आणि रुळाच्या ठशाने ते प्रत्येक सिलिंडरवर दाबले जाई. रेषा मुळातच उथळ. म्यानात जाता-येता घासून बहुतेक नगांवर ते चित्र पुसट झाले आहे. जितके चित्र शिल्लक, तितकी त्या नगाच्या आयुष्याची नोंद शिल्लक.

६/
दुसरा पुरावा क्रमांकांचा. चौकट, नळी, सिलिंडर, चापाचे कडे अशा अनेक भागांवर एकच अनुक्रमांक ठोकलेला असतो. कोल्ट यांची कीर्ती यंत्राने बनवलेल्या, एकमेकांत बदलता येणाऱ्या भागांसाठी होती. पण सगळे भाग खरोखरच बिनदिक्कत बदलता आले असते, तर प्रत्येकावर क्रमांक घालण्याचे कारण काय? कारण असे की शेवटची जुळणी कारागीर कानसीने हातानेच करीत. क्रमांक त्या हातकामाची खूण आहेत. जाहिरात एक सांगते, धातू दुसरे सांगतो.

७/
म्हणून संग्राहक 'सर्व क्रमांक जुळणारा' नग शोधतो आणि त्यासाठी कित्येक हजार डॉलर मोजतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी त्या जुळणीचे मोल पैशापलीकडचे आहे. एक मोडलेला भाग बदलला, पृष्ठभाग चकाचक घासून घेतला, की वस्तू सुंदर होते आणि साक्षीदार मुका होतो. गंज काढण्याच्या उत्साहात छाप पुसली गेली, तर ती कोणत्याही रसायनाने परत येत नाही.

८/
आता बार काढण्याचा विचार करू. एक गैरसमज आधी दूर करतो : लोखंड केवळ वयाने म्हातारे होत नाही. १७० वर्षे कोरड्या पेटीत राहिलेले लोखंड १७० वर्षांचे म्हणून ठिसूळ होत नसते. धोका वेगळा आहे. त्या काळच्या धातूचा दर्जा आजच्यासारखा एकसारखा नसे, त्यात मळीच्या रेषा राहून जात. आतून गंजाचे खड्डे पडलेले असतात. आधीच्या मालकांनी किती दारू ठासली, किती वेळा नीट साफ केले नाही, हे कोणालाही ठाऊक नसते. डोळ्यांना न दिसणारी चीर पुढच्या बाराची वाट पाहत असू शकते.

९/
शिवाय हे शस्त्र काळ्या दारूचे आहे : सोरा, गंधक आणि कोळसा. जळल्यावर या दारूचे निम्म्याहून अधिक वस्तुमान वायू न होता घनरूपात मागे उरते. नळीत, सिलिंडरच्या अक्षावर, घोड्याच्या फटीत काजळी बसते. तिच्यातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि धातू खाऊ लागतात. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर सगळे भाग सुटे करून गरम साबणाच्या पाण्याने धुवावे, सुकवावे आणि तेल लावावे लागते. अस्सल नगाच्या बाबतीत प्रत्येक सफाई म्हणजे जुन्या स्क्रूंवर आणखी एकदा पेचकस.

१०/
या रिव्हॉल्व्हरच्या रचनेतच एक नाजूक जागा आहे. सिलिंडरच्या डोक्यावर पट्टी नाही, वरची बाजू उघडी आहे. नळी आणि चौकट यांना एकत्र धरते ती एक पाचर. प्रत्येक बाराबरोबर तिच्या खाचेवर ताण येतो, खाच सैल होत जाते आणि नळी किंचित हलू लागते. पाचर नवी घालता येते, पण मूळ नळीतील झिजलेली खाच परत मूळ होत नाही. आतल्या पट्टीच्या स्प्रिंगा तर ऐन वेळी मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहेत.

११/
मग प्रतिकृती. येथे एक मजेची गोष्ट : नेव्हीची नक्कल ही काही आजची कल्पना नाही. मूळ उत्पादन चालू असतानाच बेल्जियममधील लिएजचे कारखाने कोल्टच्या धर्तीची रिव्हॉल्व्हरे बनवीत होते, काही परवान्याने, काही तसेच. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेला उत्तरेचा माल मिळेना. तेव्हा जॉर्जियातील 'ग्रिसवोल्ड अँड गनिसन' कारखान्याने १८६२ ते १८६४ या काळात सुमारे ३,६०० नकला बनवल्या. त्यांची चौकट पितळेची होती, कारण पोलाद दुर्मीळ होते.

१२/
त्या कारखान्यातील बहुतेक कामगार गुलाम होते. गुलामी टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची शस्त्रे त्यांच्याच हातून बनवून घेतली गेली. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने कारखाना जाळला. आज त्या पितळी नकला अनेक अस्सल कोल्टांपेक्षा दुर्मीळ आणि महाग आहेत. काळ पुरेसा गेला की नक्कलही अस्सल पुरावा होते. ती पुरावा असते आपल्या काळाचा, मूळ वस्तूच्या काळाचा नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१३/
आजच्या प्रतिकृतींची कथा इटलीत सुरू होते. १८६१ च्या यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली होती, जुन्या शस्त्रांनी नेमबाजी करणारे संघ अमेरिकेत उभे राहिले होते. त्यांपैकी 'नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन'ची सुरुवात १९५० ची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्जेट या अमेरिकी व्यावसायिकाने इटलीतील कारागिरांकडून नेव्हीची प्रतिकृती बनवून घेतली. त्या कारागिरांत आल्डो उबेर्ती होते. गाव गार्दोने व्हाल त्रोंपिया, जिल्हा ब्रेशा. बेरेटा घराण्याचे हेच गाव, जिथे बंदुकीच्या नळ्या सोळाव्या शतकापासून बनत आल्या आहेत.

१४/
या प्रतिकृती आधुनिक पोलादाच्या असतात. बाजारात येण्यापूर्वी प्रत्येक नग इटलीच्या राष्ट्रीय चाचणीगृहात जादा भाराने तपासला जातो आणि त्यावर शिक्के पडतात. काळ्या दारूच्या चाचणीचा शिक्का वेगळा, चाचणीच्या वर्षाची खूण वेगळी. १९७४ पर्यंत वर्ष रोमन अंकांत येई, १९७५ पासून अक्षरांत येऊ लागले. किंमत काहीशे डॉलर. स्प्रिंग मोडली तर नवी मिळते. तरीही दारू काळीच वापरायची. धूरविरहित दारूचा दाब वेगळ्याच पातळीचा असतो आणि ती घातल्यास नवे पोलादसुद्धा फुटू शकते.

१५/
प्रतिकृतीतून इतिहास शिकता येतो का? निश्चित येतो. सहा घरे भरायला किती वेळ लागतो, हे हाताने भरल्यावरच कळते. मग लढाईत लोक दोन-दोन, चार-चार रिव्हॉल्व्हरे का बाळगत, हे वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या बाराच्या धुरात समोरचे लक्ष्य दिसेनासे होते. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रणेत पडून सिलिंडर अडकतो. मागची माशी तर घोड्यावरच कोरलेली खाच असते, घोडा चढवल्याशिवाय नेमच धरता येत नाही. जवळच्या अंतरावर गोळी नेमापेक्षा वर जाते. हे सारे अनुभव खरे आहेत.

१६/
आता सावधानतेचा भाग. प्रतिकृतीवरून 'मूळ कोल्ट इतके अचूक होते' किंवा 'गोळी इतकी खोल शिरे' असे म्हणणे धोक्याचे. मूळ नळीतील पेचदार खोबणी तोंडाकडे जाताना अधिकाधिक आवळत जाई, बहुतेक प्रतिकृतींत तिचा पेच सरसकट सारखा असतो. पोलाद वेगळे, दारूच्या दाण्याचा आकार वेगळा, गोळीचा व्यासही थोडा वेगळा. नकलकाराने उतरवताना शब्द बदलले आहेत. मजकुराचा आशय कळतो, पण एखाद्या शब्दावर सिद्धान्त उभारायचा तर अस्सल पाहावेच लागते.

१७/
काही प्रतिकृती तर इतिहासात कधी नव्हत्याच. बाजारात ०.४४ व्यासाचे, पितळी चौकटीचे 'नेव्ही' सहज मिळते. कोल्ट यांनी असे नेव्ही कधीच बनवले नाही. पितळ मऊ असते, जड भार घातल्यास चौकट ताणली जाते. चित्रपटांनी गोंधळात भर घातली. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) ची कथा १८६२ च्या सुमाराची आहे, पण नायकाच्या हातात काडतुसासाठी बदललेले नेव्ही दिसते. तसा बदल त्या वेळी झालेलाच नव्हता. पडद्यावरचे पिस्तूल हे १८६२ चे नव्हे, १९६६ चे साधन आहे. बाराव्या मुद्द्यातील वाक्य आठवा.

१८/
गुंता आणखी वाढवणारी गोष्ट : १९७१ पासून खुद्द कोल्ट कंपनीनेच १८५१ चे नेव्ही पुन्हा विक्रीस आणले. त्यासाठी कच्चे भाग इटलीतून आले, जुळणी व शेवटचा हात अमेरिकेत झाला, छाप मात्र कोल्टची. आता याला काय म्हणायचे? नाव अस्सल, वंश मिश्र, जन्म शंभर वर्षांनी. संग्राहक त्याला 'दुसरी पिढी' म्हणतात. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो, कारण तो जन्मसाल लपवत नाही.

१९/
जन्मसाल लपवणारेही आहेत, आणि इतिहासाचे खरे नुकसान तेथे होते. प्रतिकृतीवरील शिक्के घासायचे, आम्लाने गंज आणायचा, मूठ मळवायची आणि 'वंशपरंपरेने आलेले' म्हणून विकायचे. ओळखायच्या काही खुणा : इटालियन स्क्रूंचे आटे मेट्रिक मापाचे असतात, शिक्क्याच्या जागी धातू खोलगट होतो, घासल्याने अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि झीज अशा जागी असते जिथे हात किंवा म्यान लागतच नाही. बनावट सनद ओळखताना आपण शाई आणि शिक्का पाहतो, तसेच हे.

२०/
अस्सल आणि नक्कल यांचा झगडा कायद्यानेही आपापल्या परीने सोडवला आहे. अमेरिकेचा १९६८ चा कायदा तारीख पाहतो : १८९८ पर्यंतचे शस्त्र पुराणवस्तू, आणि काडतूस न वापरणारी त्याची प्रतिकृतीही त्याच वर्गात. ब्रिटनचा त्याच वर्षीचा कायदा हेतू पाहतो : जुने पिस्तूल शोभेसाठी ठेवले तर सूट, त्यातून बार काढायचा म्हटले की परवाना हवा. वस्तू तीच, भिंतीवर एक आणि हातात दुसरी.

२१/
भारताचा शस्त्र अधिनियम, १९५९ क्षमता पाहतो. कलम ४५ नुसार जुन्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्ती करूनही चालणार नसेल तरच. तारीख, हेतू, क्षमता अशा तीन देशांच्या तीन कसोट्या. त्यामुळे घरच्या माळ्यावर पणजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर तिच्यावर प्रयोग करू नका. ती भरलेली असू शकते, आणि सूट आहे असे गृहीत धरणे महागात पडू शकते. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

२२/
नेव्हीचा आपल्याशी दुवाही आहे. १८५७ च्या संग्रामात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि त्यांचे इंग्रज प्रतिस्पर्धी रॉबर्ट अ‍ॅडम्स यांची रिव्हॉल्व्हरे होती. त्यानंतर शस्त्रबंदी आली, ती १८७८ च्या कायद्याने पक्की झाली. जे शस्त्र एका बाजूला फिरत्या सिलिंडरचे नवल होते, त्याच्याच दुसऱ्या टोकाला निःशस्त्र केलेला देश होता. लंडनची छाप असलेला एखादा अस्सल नग म्हणूनच माझ्या दृष्टीने नुसते नेमबाजीचे साधन राहत नाही.

२३/
मग नेमबाज काय करतात? ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांनी साधा, शहाणा मार्ग काढला आहे : अस्सल आणि प्रतिकृती असे दोन स्वतंत्र वर्ग. तीस मिनिटांत तेरा बार, त्यांतील उत्तम दहा धरायचे. प्रतिकृतीने मूळ नमुन्याशी प्रामाणिक राहावे, ही अट. अस्सल वर्गात उतरणारा जाणतो की तो आपल्या शस्त्राचे आयुष्य खर्च करीत आहे. दोघांची तुलना न करणे, हेच त्या नियमाचे शहाणपण.

२४/
माझे मत असे. क्रमांक जुळणारा, मूळ पृष्ठभाग टिकलेला नग असेल, तर त्यातून एकही बार काढू नये. तो दस्तऐवज आहे. नेमबाजीसाठी आणि अनुभवासाठी लोखंडी चौकटीची, मूळ मापाची प्रतिकृती घ्यावी. तिसरी एक वाट आहे : ज्याचे भाग पूर्वीच बदललेले, पृष्ठभाग पूर्वीच घासलेला, असा अस्सल नग. त्याची साक्ष बरीचशी गेलेलीच असते. जाणकार बंदूक-कारागिराने सिलिंडर व नळी नीट तपासून होकार दिला, तर हलक्या भाराने तो वापरणे मला अक्षम्य वाटत नाही.

२५/
याविरुद्ध एक युक्तिवाद आहे आणि तो मी हलका मानत नाही. शस्त्र चालवण्यासाठी बनले, काचेआड ठेवले की त्याचा अर्थ अर्धा मरतो. खरे आहे. पण अर्ध्या अर्थासाठी उरलेला पुरावा जाळायचा का? नेव्हीचे अडीच लाखांहून अधिक नग बनले होते, म्हणून एक गेला तर काय बिघडले, असेही कोणी म्हणेल. पेशवे दफ्तरातही कोट्यवधी कागद आहेत. त्यांपैकी कोणता एक उद्याच्या संशोधकाला लागेल, हे आज आपल्याला सांगता येईल का?

२६/
प्रतिकृतीचे खरे मोल मला येथे वाटते. नक्कल राबते म्हणून अस्सल विसावा घेऊ शकते. ज्याला धूर, धक्का आणि काजळी अनुभवायची आहे, त्याने ती नकलेकडून घ्यावी. ज्याला माणसांची खूण शोधायची आहे, त्याने भिंग घेऊन अस्सलापुढे बसावे. पुढच्या वेळी संग्रहालयात काचेआडचे पिस्तूल पाहाल, तेव्हा 'चालेल का?' हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा : चालवल्यावर यातले काय उरणार नाही?

आपल्या गावच्या संग्रहालयात टोपीचे रिव्हॉल्व्हर पाहिले असेल, तर त्यावरील छाप व क्रमांक टिपून जरूर सांगा. त्यावर स्वतंत्र धागा करू. (समाप्त)